दोन चेहरे, साडेसात माणसं

शनिवारची संध्याकाळ आहे असं समजा. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरचं कुठलंही गर्दीचं कॉफी शॉप. काउंटरपाशी रांग, आत बसायला जागा नाही, मशीनचा फुस्स आवाज, आणि रांगेत साध्या टी-शर्टमध्ये उभा असलेला एक दणकट तरुण. तो प्रो कबड्डीत पुण्याकडून खेळतो. दुकानात साठेक माणसं आहेत. त्यातल्या चार-पाच जणांनी त्याला बघताक्षणी ओळखलं. दोघा-तिघांना 'कुठेतरी पाहिलाय याला' एवढंच वाटलं. उरलेल्यांच्या लेखी तो रांगेत पुढे उभा राहून मेन्यू वाचत बसलेला एक माणूस.

चेहरा एकच आहे, उजेड तोच आहे, अंतरही साधारण सारखं. मग साठ जणांना तीन वेगवेगळ्या गोष्टी कशा दिसल्या? 'ज्यांनी मॅच बघितल्या त्यांना कळलं, ज्यांनी नाही त्यांना नाही' हे उत्तर बरोबर आहे, पण त्यातून हाती काही लागत नाही. मॅच बघून डोक्यात नेमकं काय साठतं, ते कसं मोजायचं, आणि मोजलेलं खरंच कॉफी शॉपमध्ये लागू पडतं का, हे प्रश्न संशोधनाचे. या प्रश्नांच्या वाटेवर 2011 साली 'कॉग्निशन' या नियतकालिकात आलेला एक पेपर आहे. रॉब जेंकिन्स, डेव्हिड व्हाइट, झांड्रा व्हॅन माँटफोर्ट आणि माइक बर्टन हे त्याचे लेखक. विषय: एकाच चेहऱ्याचे फोटो एकमेकांपासून किती वेगळे असू शकतात. पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या, पेपर कसा वाचायचा हे शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हा वाचायला सांगते. एक तर तो आवडतो. दुसरं म्हणजे त्याच्याशी भांडता येतं.

आधी त्यांनी काय केलं ते बघू. लेखकांनी दोन डच सेलिब्रिटी स्त्रिया निवडल्या. नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध, ब्रिटनमध्ये कुणाला माहीत नाहीत अशा. इंटरनेटवरून प्रत्येकीचे 20 फोटो घेतले. ठरवून एकाच कोनातून, एकाच कॅमेऱ्याने काढलेले नव्हेत; हसताना, न हसताना, वेगळी केशरचना, वेगळा उजेड, असे जे मिळाले ते. हे 40 फोटो पिसून पत्त्यांसारखे ब्रिटिश सहभागींच्या हातात दिले आणि सांगितलं, एका माणसाचे फोटो एका गठ्ठ्यात ठेवा. किती माणसं आहेत ते सांगितलं नाही.

बरोबर उत्तर होतं दोन गठ्ठे. वीस जणांपैकी एकालाही ते आलं नाही. कुणी तीन केले, कुणी सोळा. मध्यक आला साडेसात. (साडेसात माणसं कुठून आली म्हणून हसू नका, सहभागींची संख्या सम असली की मध्यक असा अर्ध्यात येऊ शकतो.) हेच काम त्या दोघींना ओळखणाऱ्या डच सहभागींना दिलं तेव्हा त्यांना ते जमलंच. बहुतेकांनी दोन गठ्ठे केले.

चूक कोणत्या प्रकारची झाली तेही बघा. ब्रिटिश सहभागींनी दोन वेगळ्या बायका एका गठ्ठ्यात घातल्या असं फारसं झालं नाही. झालं ते उलटंच, एकाच बाईच्या त्यांनी चार-पाच बायका केल्या. आपण समजतो की चेहरा ओळखण्यातली अडचण म्हणजे 'सगळे सारखेच दिसतात'. या प्रयोगात अडचण होती ती एकच माणूस प्रत्येक फोटोत वेगळा दिसण्याची.

आता या पेपरमध्ये मला खरी आवडलेली गोष्ट. आपल्याकडे 'स्थानिक सेलिब्रिटी' हा शब्द किंचित खालच्या सुरात वापरला जातो. म्हणजे राष्ट्रीय पातळीवर पोचला नाही तो. लेखकांनी या 'स्थानिक'पणाचं हत्यार केलं. शाहरुख खान किंवा सचिन तेंडुलकर या प्रयोगात निरुपयोगी, कारण त्यांना सगळेच ओळखतात. पूर्ण अनोळखी माणूसही निरुपयोगी. हवा असा चेहरा, जो एका गावाला पाठ आहे आणि दुसऱ्या गावाला कोरा. मग फोटो तेच, पत्ते तेच, काम तेच. बदलतो तो फक्त बघणारा. निकालात फरक आला तर तो चेहऱ्याचा असू शकत नाही, कारण चेहरे दोन्हीकडे तेच होते. कंट्रोल कसा असावा हे पुस्तकातून समजत नसेल तर या एका निवडीकडे बघत बसा. महागडं उपकरण नाही, सॉफ्टवेअर नाही, एफएमआरआय नाही. 40 कागद आणि एक शहाणी निवड.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्या वेळी तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीला होता. पदकाच्या आदल्या दिवशीचा चेहरा आणि नंतरच्या दिवशीचा चेहरा यात तसूभर फरक नव्हता. फरक पडला तो बघणाऱ्यांच्या डोक्यात: दोन दिवसांत लाखो लोकांनी त्याचे वेगवेगळ्या कोनांतले, वेगवेगळ्या उजेडातले फोटो आणि व्हिडिओ पाहिले. जेंकिन्स आणि मंडळींची मांडणी बरोबर असेल, तर 'ओळखीचा चेहरा' म्हणजे हेच: त्या एका माणसाचा चेहरा किती तऱ्हांनी बदलू शकतो याचा डोक्यात साठलेला अनुभव. नाकाची लांबी आणि डोळ्यांमधलं अंतर पाठ असणं नव्हे.

इथपर्यंत पेपर मला पटतो. पुढे भांडण सुरू होतं.

इंग्रजी पेपरात 'रेकग्निशन' हा एक शब्द सगळीकडे येतो. मराठीत तो अनुवादित करायला बसा आणि तुमची पंचाईत होईल, कारण आपल्याकडे 'ओळख' हा एक शब्द नसून एक अख्खं कुटुंब आहे. ओळखू येणं वेगळं, ओळख असणं वेगळं. ओळख देणं किंवा दाखवणं हे तिसरंच. 'रस्त्यात भेटला पण ओळखसुद्धा दिली नाही' या तक्रारीत ओळखू आलं नाही असा आरोप नसतो, ओळखूनही न ओळखल्यासारखं केलं असा असतो. आणि ओळख पटणं हे चौथं, जरा सरकारी: ओळखपत्र, ओळखपरेड वगैरे. पत्त्यांच्या प्रयोगात 'ओळख असणं' हे कारण आहे आणि फोटो जुळवता येणं हा परिणाम. कॉफी शॉपमध्ये मात्र हे चारही एकाच वेळी, एकाच रांगेत चालू असतात. तेव्हा 'हा पेपर सेलिब्रिटी कसा ओळखला जातो हे सांगतो' असं कुणी लिहिलं (आणि लोक असं लिहितात) तर पेन्सिल घेऊन समासात विचारा: चारातलं कोणतं?

'कुठेतरी पाहिलाय' म्हणणाऱ्या त्या दोघा-तिघांचंच बघा. पत्त्यांच्या प्रयोगात त्यांना जागाच नाही. तिथे माणूस एक तर ओळखीचा, नाही तर अनोळखी. पण मानसशास्त्राला ही मधली अवस्था कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. जॉर्ज मॅंडलर यांनी 1980 च्या एका लेखात दिलेलं बसमधल्या खाटकाचं उदाहरण प्रसिद्ध आहे: बसमध्ये एक माणूस दिसतो, नक्की ओळखीचा वाटतो, पण कोण ते आठवत नाही, कारण एरवी तो दिसतो दुकानात, ॲप्रन घातलेला, काउंटरच्या पलीकडे. खेळाडू कॉफी शॉपमध्ये आला की तो असाच बसमधला खाटीक होतो. आपण त्याला पाहिलेलं असतं जर्सीत, मॅटवर, घामाघूम, कॉमेंट्रीच्या आवाजात. इथे तो ओट मिल्क आहे का असं विचारतोय. नेमबाजाचं तर आणखी अवघड: स्पर्धेत तो जाडजूड जॅकेट घालून, गाल रायफलला टेकवून उभा असतो, एका डोळ्यापुढे पट्टी असते. त्याचा चेहरा आपण पूर्ण बघतो तो पदक गळ्यात पडल्यावरच.

मग या अवस्थेचा डेटा कुठे मिळतो? याचं उत्तर देणारं काम जुनं आहे आणि माझ्या मते आज कमी वाचलं जातं. 1985 साली अँडी यंग, डेनिस हे आणि अँड्र्यू एलिस यांनी 22 जणांना डायऱ्या दिल्या आणि रोजच्या आयुष्यात माणसं ओळखताना जे जे घोळ होतील ते लिहून काढायला सांगितले. हजाराच्या आसपास प्रसंग जमले. त्यात एक फार सुंदर गोष्ट निघाली. 'हा काय करतो ते माहीत आहे, पण नाव आठवत नाही' असे प्रसंग भरपूर होते. 'नाव आठवतंय, पण हा कोण ते माहीत नाही' असा प्रसंग एकही नव्हता. म्हणजे चेहरा आधी ओळखीचा वाटतो, मग माणसाबद्दलची माहिती येते, आणि नाव येतं सगळ्यात शेवटी, आलं तर. पुढच्या वर्षी विकी ब्रूस आणि अँडी यंग यांनी चेहरा ओळखण्याचं जे मॉडेल मांडलं, त्यात हा क्रम आहे. कॉफी शॉपमधलं 'अरे हा तो... डाव्या कोपऱ्यातला... त्या मॅचला शेवटच्या रेडमध्ये धरलं ना याने... नाव काय याचं?' हे वाक्य त्या मॉडेलमधून बाहेर पडल्यासारखं आहे.

डायरीत उणिवा ढीगभर आहेत. लोक विसरतात, आवडेल तेवढंच लिहितात, आणि जो प्रसंग आपल्या लक्षातच आला नाही (ओळखीचा माणूस शेजारून गेला आणि कळलंच नाही) तो डायरीत येणार कसा? 2011 चा प्रयोग या सगळ्यातून सुटतो. पण त्यासाठी त्याने जागा, कपडे, आवाज, सोबतची माणसं सगळं कापून टाकलं. स्वच्छ निकाल फुकट मिळत नाही. हा व्यवहार लेखकांनी डोळे उघडे ठेवून केला, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. दोष आहे तो आपण वाचताना काय कापलं गेलं हे विसरतो त्यात.

आता तुम्ही म्हणाल, खेळाडू चेहऱ्यावरून कशाला, चालीवरून, बांध्यावरून ओळखू येतो. मोह होतो खरा. पण बर्टन आणि सहकाऱ्यांचं 1999 चं काम या समजुतीला चांगला धक्का देतं. त्यांनी सीसीटीव्हीची निकृष्ट चित्रफीत दाखवली. त्यातल्या प्राध्यापकांना त्यांच्याच विद्यार्थ्यांनी सहज ओळखलं. अनोळखी लोकांना, आणि अनुभवी पोलिसांनाही, ते जमलं नाही. मग चित्रफितीत कधी चेहरा झाकला, कधी शरीर, कधी चाल बिघडवली. चेहरा झाकल्यावर कामगिरी कोसळली. शरीर किंवा चाल झाकल्याने फारसं बिघडलं नाही. इतक्या खराब चित्रातही लोक चेहऱ्यावरच विसंबून होते. अर्थात ते प्राध्यापक होते. त्यांना वर्गात बघताना चेहरा समोर असतो. ज्या रेडरला आपण कायम धावताना, वाकलेला, सात जणांच्या गराड्यातच पाहिलाय, त्याच्याबाबतीत हेच निघेल का? मला खात्री नाही, आणि हा प्रश्न मला खरोखर प्रबंधाच्या लायकीचा वाटतो.

सगळ्यात मोठा आक्षेप मात्र अजून यायचाय, आणि तो 'गर्दीचं' या शब्दात आहे. पत्त्यांच्या प्रयोगात प्रत्येक जण एकटा बसतो. आकडेशास्त्राला ते हवंच असतं. वीस सहभागी म्हणजे वीस स्वतंत्र निरीक्षणं. कॉफी शॉपमध्ये काय होतं? खिडकीजवळचा मुलगा कोपराने मित्राला ढोसतो आणि म्हणतो, 'अरे, तो बघ!' मित्र वळून बघतो. त्याला आता ओळखू येतो, जो अर्ध्या मिनिटापूर्वी येत नव्हता. शेजारच्या टेबलाने हे वळणं बघितलं. तेही वळले. कुणीतरी मोबाइल काढला. पाच मिनिटांत अर्ध्या दुकानाला 'ओळखू आलेला' असतो, आणि त्यातल्या बहुतेकांनी चेहऱ्यावरून काहीही ओळखलेलं नसतं. तुम्ही वही घेऊन कोपऱ्यात बसलात आणि तीस डोकी मोजलीत, तर तुमचा एन तीस नाही. तो कदाचित दोन आहे.

एक साधं वाक्य किती फरक पाडतं याचा पुरावा पुढच्याच संशोधनात आहे. 2015 साली सॅली अँड्र्यूज आणि सहकाऱ्यांनी, ज्यात जेंकिन्स आणि बर्टनही होते, तोच पत्त्यांचा खेळ पुन्हा मांडला. या वेळी सहभागींना आधीच सांगितलं: यात दोनच माणसं आहेत. चेहरे अनोळखीच होते, तरी चुका खूपच कमी झाल्या. म्हणजे साडेसात हा आकडा नुसता चेहऱ्यांचा किंवा नुसत्या अनोळखीपणाचा नव्हता. माणसं किती ते माहीत नसण्याचाही त्यात वाटा होता. लोकप्रिय लेखांत आणि भाषणांत साडेसातचा किस्सा नेहमी येतो, हा दुसरा निकाल क्वचित येतो. ज्यांनी पहिला पेपर लिहिला तेच दुसऱ्यातही आहेत, तेव्हा लपवाछपवीचा प्रश्नच नाही. चटकदार आकडा पुढे निघून गेला आणि त्याची अट मागे राहिली, इतकंच. तुमच्या प्रपोजलच्या पूर्वसंशोधन आढाव्यात साडेसात लिहिणार असाल तर त्याच परिच्छेदात दोनही लिहा.

कॉफी शॉपमध्ये 'अरे, तो बघ!' हे वाक्य त्या सूचनेचंच काम करतं. आणि गर्दीत ते वाक्य कुणीतरी म्हणतंच. म्हणून मला वाटतं, गर्दीच्या जागी सेलिब्रिटी ओळखला जाणं ही डोळ्यांची घटना कमी आणि कुजबुजीची जास्त असते. पेपर ते नाकारत नाही. त्याच्याजवळ ते बघायला खिडकीच नाही.

उलट बाजूही आहे. ज्याने ओळखलं पण ओळख दाखवली नाही, त्याचं काय? समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी 1963 च्या पुस्तकात लिहिलंय की सार्वजनिक जागी अनोळखी माणसं एकमेकांकडे ओझरतं बघतात आणि लगेच नजर काढून घेतात. तुमची दखल घेतली, पण तुमच्यात मला रस नाही, असा सभ्य करार. पुण्यात हा करार जरा जास्तच निष्ठेने पाळला जातो. मान न वळवणाऱ्या पन्नास जणांपैकी किती जणांना खरंच कळलं नाही, किती जण शहाण्यासारखे गप्प बसले आणि किती जणांनी 'असेल, आपल्याला काय' म्हणून मुद्दाम पाठ केली, हे बाहेरून बघून सांगता येत नाही. वर्तन मोजलं म्हणजे ओळख मोजली, असं नाही. मुलाखतीत ऑपरेशनल डेफिनिशन म्हणजे काय असं विचारलं तर व्याख्या पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा हे उदाहरण द्या.

आता तुम्हाला वाटेल, चालू दे, कबड्डीपटूला कुणी ओळखलं नाही तर बिघडलं काय? त्याला शांतपणे कॉफी पिता येईल. बिघडतं ते दुसरीकडे, आणि ते तुमच्याशी संबंधित आहे.

ओळखणारा माणूस न ओळखणाऱ्याला हमखास म्हणतो, 'तुला हा ओळखू येत नाही? कमाल आहे!' या वाक्यावर अख्खा पेपर आहे. 2015 साली के रिची आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या लोकांना दोन्ही देशांतल्या स्थानिक सेलिब्रिटींच्या फोटोंच्या जोड्या दाखवल्या आणि विचारलं, दोन्ही फोटो एकाच माणसाचे आहेत का? अपेक्षेप्रमाणे प्रत्येकाला आपल्या देशातले चेहरे सोपे गेले. पुढचा प्रश्न मात्र खवचट होता: इतर लोकांना हे कितपत जमेल? लोकांनी सांगितलं की जे चेहरे मला सोपे गेले तेच इतरांनाही सोपे जातील. ज्याला ओळख आहे, त्याला ओळख नसणं म्हणजे काय याची कल्पनाच करता येत नाही.

याच न येणाऱ्या कल्पनेवर ओळखपत्र नावाची व्यवस्था उभी आहे. आपले घरचे, आपले मित्र, आपल्या गावचा खेळाडू हे कुठल्याही फोटोत आपल्याला ओळखू येतात, म्हणून फोटो लावला की काम झालं असं आपल्याला वाटतं. पण फोटो तपासणारा माणूस आपल्याला आयुष्यात पहिल्यांदा बघत असतो. 1997 मध्ये रिचर्ड केंप आणि सहकाऱ्यांनी सुपरमार्केटच्या कॅशियरना फोटो असलेली क्रेडिट कार्डं दिली. दुसऱ्याच माणसाचा फोटो असलेल्या कार्डांपैकी निम्म्याहून जास्त त्यांनी चालवून घेतली. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्ट अधिकाऱ्यांवर, म्हणजे ज्यांचं कामच हे आहे त्यांच्यावर, डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी चाचणी घेतली. चुकीच्या माणसाचा फोटो त्यांनी 14 टक्के वेळा बरोबर म्हणून स्वीकारला. किती वर्षं नोकरी झाली याने काही फरक पडला नाही.

नेट, सेट, पेट या परीक्षांना हॉल तिकिटावरच्या तिकिटाएवढ्या फोटोवरून पर्यवेक्षक तुम्हाला तपासतात तेव्हा ते त्या ब्रिटिश सहभागींच्या जागी असतात. तुम्ही चष्मा बदललाय, दाढी वाढवलीय, आजारपणात दहा किलो उतरलाय. डमी उमेदवाराच्या बातम्या वाचून आपण म्हणतो, 'पर्यवेक्षक झोपले होते का?' ते जागे असतील. त्यांना अशक्यप्राय काम दिलेलं आहे, आणि ते देणाऱ्यांना ते सोपं वाटतंय. उलट बाजूने, खऱ्या उमेदवाराला 'फोटो जुळत नाही' म्हणून दाराशी थांबवून ठेवणं हीसुद्धा एकाच बाईच्या चार बायका करण्याचीच चूक आहे. पहिल्या पेपरचं मोल मला इथे दिसतं. त्यातला निष्कर्ष कॉफी शॉपमध्ये अर्धवट लागू पडतो, परीक्षा केंद्राच्या दाराशी मात्र जवळपास तंतोतंत. तिथे पर्यवेक्षक एकटा असतो, समोर अनोळखी चेहरा आणि हातात एक फोटो असतो, आणि 'अरे, हा तो' म्हणायला कुणी नसतं.

तर यातून काम काय निघतं? 'भारतीय संदर्भात असा अभ्यास झालेला नाही' हे वाक्य कृपया लिहू नका. जागा बदलली म्हणजे प्रश्न नवा झाला असं होत नाही. गाईड हे वाक्य दिवसातून चारदा वाचतात. इथे मात्र जागा हाच चल आहे, म्हणून तुम्हाला खरोखर काही करता येईल. पुणेरी पलटण आणि तेलुगू टायटन्स, पुणे आणि हैदराबाद. दोन्ही शहरांतले बघणारे, दोन्ही संघांतले खेळाडू, आडवा-उभा तुलनेचा आराखडा, जसा रिचींनी ब्रिटन-ऑस्ट्रेलियाचा केला. फोटोंचे दोन संच करा: एक मॅटवरचे जर्सीतले, एक साध्या कपड्यांतले. मग कपडे आणि जागा बदलल्यावर पुणेकराचा फायदा किती उरतो ते दिसेल.

अडचणी लगेच येतील. पहिली: 'स्थानिक' कोण? पलटणने 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्येच दहाव्या हंगामाचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा संघाचा कर्णधार अस्लम इनामदार अहमदनगर जिल्ह्यातला होता आणि संघातला मोहम्मदरेझा शादलू इराणचा. पुण्याच्या प्रेक्षकाला दोघेही आपलेच. म्हणजे स्थानिकपणा जन्मदाखल्यावरून ठरवता येणार नाही, बघणाऱ्याने किती वेळा बघितलंय त्यावरून ठरवावा लागेल. दुसरी: लीग टीव्हीवर देशभर दिसते, तेव्हा हैदराबादचा कबड्डीवेडा पलटणचे सगळे ओळखेल. डच सेलिब्रिटींच्या बाबतीत समुद्र मध्ये होता, इथे नाही. म्हणून चाचणी संपल्यावर प्रत्येक चेहऱ्याबाबत 'याला ओळखत होतात का' हे विचारायलाच हवं, आणि ते आधी विचारलं तर अँड्र्यूजच्या प्रयोगासारखं तुम्हीच सूचना देऊन बसाल. तिसरी: स्टार खेळाडू घेऊ नका, ते दोन्हीकडे माहीत असतात. बदली खेळाडू घ्या, ज्यांना फक्त घरचं मैदान ओळखतं.

आणि कुणाला हे सगळं खऱ्या कॉफी शॉपमध्येच करायचं असेल, खऱ्या खेळाडूला रांगेत उभं करून, तर एथिक्स कमिटी पहिल्याच बैठकीत विचारेल की संमतीपत्रावर सही कुणाची घेणार. साठ गिऱ्हाइकांची घेतली तर सगळ्यांना आधीच कळेल. खेळाडूची घेतली तर तो आता नुसता कॉफी प्यायला आलेला माणूस राहत नाही. मला विचाराल तर त्याला उभं करण्याऐवजी त्याची मुलाखत घ्या. मी वाचलेल्या यातल्या एकाही पेपरात ज्याला ओळखलं गेलं त्याला काही विचारलेलं नाही. दुकानात पाऊल ठेवल्यावर कुणी ओळखलंय, कुणाला नुसतं तसं वाटतंय आणि कोण मुद्दाम बघत नाहीये, हे रोज वाचायची सवय असलेला माणूस त्या साठ जणांत तोच एक असतो.